टर्निटिन कसं आहे? लायब्ररीत रिपोर्ट काढून देणाऱ्याचा रिव्ह्यू

मी एका सिनियर कॉलेजात लायब्ररियन आहे. आमच्याकडे पीएचडीचे थिसिस, एमएचे डिझर्टेशन, सर-मॅडम लोकांचे पेपर, सगळ्यांचा प्लॅगॅरिझम रिपोर्ट (दुसऱ्याचं लिखाण उचललंय का ते बघायचा) लायब्ररीतूनच निघतो, टर्निटिन या सॉफ्टवेअरवर. नेटवर या सॉफ्टवेअरबद्दल बघायला गेलं तर एकतर जाहिरात सापडते नाहीतर "१० टक्क्यांच्या आत कसं आणायचं" याचे व्हिडिओ, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. जुळवाजुळवीच्या कामात टर्निटिन खरंच भारी आहे. फाईल टाकली की वेबपेज, जर्नल्स आणि आधी जगभरातून अपलोड झालेल्या विद्यार्थ्यांच्या फायली, या सगळ्याशी मजकूर ताडून बघतं आणि कुठला परिच्छेद कुठून जुळतोय ते रंगवून शेजारी सोर्ससकट दाखवतं. पांढऱ्या अक्षरात लपवलेला मजकूर किंवा इंग्रजी ए च्या जागी तसाच दिसणारा रशियन लिपीतला ए टाकणं, असल्या करामती पण ते वेगळ्या फ्लॅगमध्ये दाखवतं. विद्यार्थ्यांना वाटतं हे कुणाला कळत नाही. कळतं.

आता मुद्द्याचं. टर्निटिन चोरी पकडत नाही, सारखेपणा दाखवतं. कंपनी स्वतःच हे सांगते, रिपोर्टचं नाव सुद्धा सिमिलॅरिटी रिपोर्ट आहे. कोपऱ्यात एक रंग येतो, निळा म्हणजे काहीच जुळलं नाही, २४ टक्क्यांपर्यंत हिरवा, पुढे पिवळा, मग नारिंगी आणि ७५ च्या वर लाल, आणि आपल्याकडे सगळ्यांची नजर त्या रंगावरच. लॉ च्या मुलाने कायद्याची कलमं जशीच्या तशी दिली (ती तशीच द्यायची असतात) तर आकडा फुगतो आणि पोरगा घाबराघुबरा होऊन येतो. उलट दुसऱ्याचं अख्खं प्रकरण उचललेला थिसिस जाड असेल तर हिरव्यात बसून जातो, कारण टक्केवारी पूर्ण फाईलवर निघते. म्हणजे आकडा बघून काहीच कळत नाही, रिपोर्ट उघडून रंगवलेली पानं वाचावी लागतात. ती वाचणारे गाईड माझ्या बघण्यात फार कमी आहेत, बहुतेकांना शेवटच्या पानावर सहीपुरता आकडा पाहिजे असतो. गाडीची पीयूसी काढून आणावी तसं चाललंय सगळं.

हा १० चा आकडा आला कुठून? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या रेग्युलेशनमधून. १० टक्क्यांपर्यंत सारखेपणा असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० मध्ये सापडलात तर जास्तीत जास्त ६ महिन्यांच्या आत सुधारून परत द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सबमिट करता येत नाही, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. पण त्याच रेग्युलेशनमध्ये हेही आहे की संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायदे, समीकरणं आणि सलग १४ शब्दांपर्यंत योगायोगाने जुळणारा मजकूर मोजायचाच नाही. हा भाग कोणी वाचत नाही! टर्निटिनमध्ये बिब्लिओग्राफी, कोट्स आणि छोटे मॅच वगळायची सोय आहे, ती लावली की बऱ्याच प्रामाणिक मुलांचा आकडा आपोआप खाली येतो. काही ठिकाणी फिल्टर न लावताच रिपोर्ट काढतात आणि मुलाला सांगतात "कमी करून आण". काय कमी करून आणणार तो? संदर्भसूची?

मग तो जातो गल्लीतल्या दुकानात. प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या गेटसमोर झेरॉक्स-बाइंडिंगची दुकानं असतात, त्यातल्या काहींवर "प्लॅगॅरिझम रिमूव्हल" असा बोर्ड लागलेला आता उघड दिसतो. पानामागे दर असतो, रिपोर्टसकट पॅकेज मिळतं. खरं तर टर्निटिन संस्थांना विकलं जातं, एकट्यादुकट्याला घेता येत नाही, म्हणजे दुकानात जो रिपोर्ट मिळतो तो खोटा तरी असतो नाहीतर कुठल्यातरी संस्थेच्या लॉगिनवरून काढलेला. आणि रिमूव्हल म्हणजे करतात काय, तर वाक्य तेच ठेवून शब्द बदलतात, तेही सॉफ्टवेअरनेच. गियोम काबानाक नावाच्या फ्रेंच संशोधकाने आणि त्याच्या साथीदारांनी २०२१ मध्ये असे छापून आलेले पेपर शोधून काढले होते, त्यात आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं झालं होतं "काउंटरफिट कॉन्शसनेस" आणि ब्रेस्ट कॅन्सरचं "बूझम पेरिल". मला आमच्या भागातल्या फायलींमध्ये असली वाक्यं दिसतात तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण मुलाने आधी जे लिहिलं होतं ते साधं पण समजणारं होतं, आणि दुकानातून आल्यावर आकडा ७ झाला पण अर्थ गेला.

मी मुलांना विचारतो कधी कधी, तुला हे कॉपी वाटतं का? जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच, परीक्षेत चिठ्ठी नेणं म्हणजे कॉपी, फाईल उतरवणं म्हणजे सबमिशन. आणि याला मी फक्त पोरांना दोष देणार नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी काचेखाली ट्यूबलाईट लावून ड्रॉइंगशीटची जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारायला शिकतात, सीनियरची जर्नल समोर ठेवून प्रॅक्टिकल लिहितात, सगळ्यांच्या रीडिंग सारख्याच आणि सर सुद्धा तपासताना पानं भरलीत का एवढंच बघून सही करतात. चार-पाच वर्षं हे चालतं आणि मग पीएचडीला आल्यावर एकदम सांगायचं की उतरवणं हा गुन्हा आहे. तोपर्यंत कोणी त्याला संदर्भ कसा द्यायचा, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत कसं मांडायचं हे शिकवलेलंच नसतं.

शिक्षकांचं पण सांगायला पाहिजे, नाहीतर एकतर्फी होईल. प्रमोशनसाठी पेपर लागतात, त्यामुळे मार्च आला की स्टाफरूममधून पण फायली येतात आणि "जरा बघा ना, ॲडजस्ट होतं का" अशी भाषा असते. वर्गात कॉपीवर तासभर बोलणारी माणसं सुद्धा यात असतात. त्याच रेग्युलेशनमध्ये प्राध्यापकांनाही शिक्षा आहे, ४० च्या वर सापडलं तर पेपर मागे घ्यायचा, एक इन्क्रिमेंट बंद, २ वर्षं नवीन विद्यार्थी घ्यायचा नाही, आणि ६० च्या वर दोन इन्क्रिमेंट आणि ३ वर्षं. हे विद्यार्थ्यांना माहीतच नसतं. माझं मत, त्यांना सांगावं, वर्गातच सांगावं, म्हणजे नियम फक्त आपल्यासाठीच आहे असं त्यांना वाटणार नाही.

एआयवाला भाग. टर्निटिनने एप्रिल २०२३ मध्ये मजकूर एआयने लिहिलाय का ते ओळखण्याचं फीचर आणलं. हे मी कोणावर कारवाई करायला वापरणार नाही आणि तुम्हीही वापरू नका असं कळकळीने सांगतो. सिमिलॅरिटीमध्ये निदान सोर्स समोर दिसतो, मूळ पान उघडून दाखवता येतं, इथे नुसता अंदाज असतो आणि मुलाला स्वतःचा बचाव करायला हातात काहीच नसतं. २० टक्क्यांच्या खालचा आकडा तर कंपनी स्वतःच न दाखवता तिथे नुसती चांदणी (*) टाकते कारण तिथे चुका जास्त होतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं, अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीने पुढच्याच महिन्यात टर्निटिनचं हे फीचर बंद करून ठेवलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्येच इतर काही डिटेक्टर तपासले तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले टोफेलचे (इंग्रजीच्या परीक्षेचे) निबंध त्यांनी सरासरी निम्म्याहून जास्त वेळा एआयचे ठरवले. आपली मराठी मीडियमची पोरं मोजक्या शब्दांत, साच्यातलं इंग्रजी लिहितात, म्हणजे धोका कोणाला जास्त आहे ते कळलं असेल.

मराठी थिसिससाठी म्हणाल तर अपेक्षा फार ठेवू नका. जुने प्रबंध श्रीलिपी नाहीतर कृतीदेव फॉन्टमध्ये टाईप केलेले, पीडीएफमधून मजकूर बाहेर काढला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी निघते, ती कशाशी जुळणार? शोधगंगेवर (पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर) स्कॅन करून चढवलेले पण बरेच आहेत. त्यामुळे मराठी विभागात आकडा २-३ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, तिथे गाईडचं वाचनच कामाला येतं, ज्याने तीस प्रबंध वाचलेत त्याला उचललेला परिच्छेद लगेच कळतो.

घ्यावं का? कॉलेजकडे बजेट असेल तर घ्या, नसेल तर इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राच्या शोधशुद्धी योजनेतून युनिव्हर्सिट्यांना अशीच सोय मिळते, २०१९ ला उरकुंड या सॉफ्टवेअरपासून सुरुवात झाली, नंतर ड्रिलबिट हे दुसरं आलं, बहुतेकांचं काम त्यात भागतं. माझ्याकडून टर्निटिनला ५ पैकी साडेतीन, अर्धा एआयसाठी कापला आणि एक मराठीसाठी. सुरू केलंत तर दोन गोष्टी नक्की करा. पहिला ड्राफ्ट टाकताना "नो रिपॉझिटरी" सेटिंग ठेवा, म्हणजे फाईल टर्निटिनच्या साठ्यात जात नाही, नाहीतर फायनल कॉपी स्वतःच्याच ड्राफ्टशी जुळून जवळजवळ शंभर टक्के दाखवते आणि मुलाचा जीव टांगणीला लागतो. आणि रिपोर्ट मुलाला मेल करू नका, गाईड आणि मूल दोघांना लायब्ररीत बोलवा, रंगवलेलं एकेक पान त्यांच्यासमोर उघडा. तासभर जातो पण दुकानात जायची गरज पडत नाही.