दिवाळीला डबा, कुपन की पाकीट?

दिवाळी तोंडावर आली की हाऊसकीपिंगच्या मावश्या, गार्ड, पॅन्ट्रीतले भाऊ यांना काय द्यायचं ही चर्चा सगळ्याच ऑफिसांत होते. आमच्याकडे वर्गणी गोळा करायचं काम माझ्याच गळ्यात असते, त्यामुळे तिन्ही प्रकार करून पाहिले आहेत. बोनस यात धरू नका. वर्षात ३० दिवस काम भरलं आणि पगार मर्यादेत बसत असला की किमान ८.३३ टक्के बोनस हा त्यांचा हक्क आहे, ठेक्यावर असले तरी, अन ठेकेदार तो बुडवत असेल तर आपल्या वर्गणीने त्याचं पाप झाकू नका.

डबा दिसायला भारी. संत्रा बर्फी म्हटलं की नागपुरात कोणी नाही म्हणत नाही, देणाऱ्यालाही बरं वाटते, फोटो चांगला येतो. पण ती फार दिवस टिकत नाही, अन एकाच बिल्डिंगमधल्या सगळ्या ऑफिसांनी डबेच दिले तर गार्डने खायचे तरी किती?

माझा मात्र डब्यावरून जीव उठला तो गेटवर. आमचं ऑफिस हिंगणा रोडला, बाहेर पडताना बॅग चेक होते, म्हणजे आमची नाही, आम्ही लॅपटॉप लटकवून सरळ निघतो, ठेक्यावरच्या लोकांची होते. हातात डबा दिसला की गेटपास दाखवा. मावशी सांगून राहिल्या साहेबांनी दिला म्हणून, गार्ड म्हणते लिहून आणा, आता तोही काय करीन बिचारा, त्याच्या टेबलाखाली तसाच डबा ठेवला आहे पण रजिस्टरला तर उत्तर द्यायचं आहे न. मावशींना लोकमान्य नगरहून मेट्रो पकडायची घाई, मागची अख्खी लाईन पाहून राहिली, अन आपण कौतुकाने दिलेल्या वस्तूची चोरीच्या मालासारखी झडती. देणारे तोवर घरी पोचलेले.

कुपनला ही कटकट नाही, पर्समध्ये मावते, अकाउंटवाल्यांनाही पक्कं बिल भेटते म्हणून ते खुश. पण आम्ही दिलेलं कुपन एकाच बिलात संपवावं लागे, उरलेले पैसे परत नाही. अन जी बाई तेल, बेसन, मैदा इतवारीतून भाव करून भरते तिला मॉलमध्ये पाठवून काय फायदा? पोरं मोठी असतील, कपडे घ्यायचे असतील तर चालून जाईल म्हणा.

पाकिटाबद्दल काही जण म्हणतात टीप दिल्यासारखं वाटते. वाटू शकते, खिशातून नोट काढून हातावर टेकवली तर वाटणारच. पाकिटावर मस्टरमध्ये आहे तसं पूरं नाव लिहा, ५०१ असो की ११०१, सगळ्यांना सारखे, अन सुपरवायझरच्या हाती अजिबात देऊ नका. धनत्रयोदशीच्या आठवडाभर आधी दिलं तर बाजार करायला कामी पडते. तुमच्याकडे गेटचा त्रास नसेल तर डबाही वाईट नाही, आमच्याकडे बर्फी आता चार वाजताच्या चहाला उघडतो, मावश्यांना खुर्चीवर बसवून.

रात्रपाळीच्या गार्डचं पाकीट तेवढं रिसेप्शनवर ठेवून जाऊ नका. एक दिवस आठ वाजेपर्यंत थांबा अन त्याच्या हातात द्या.