'8के' केबल, 7,750 रुपये आणि माझी अक्कल

ज्यांना हसायचंय त्यांनी आधीच हसून घ्या. बँकेच्या काउंटरवर बसून रोज दहा जणांना 'ओटीपी कुणाला सांगू नका' म्हणून बजावणारा माणूस मी. आणि मला एका वायरीवरून 7,750 रुपयांना टोपी घातली. केबल 4,800, तिच्यासाठी 'बूस्टर' (सिग्नलला जोर देणारी डबी) 1,350, आणि भिंतीवर केसिंग पट्टी मारून ती ओढणाऱ्या इलेक्ट्रिशियनचे 1,600.

केबलची गरज होती, हौस नव्हती. हे घरी अजून कुणाला पटलेलं नाही म्हणून इथे लिहून ठेवतो. मुलाच्या प्लेस्टेशन 5 या गेम खेळायच्या मशीनच्या खोक्यात एचडीएमआय केबल (मशीनचं चित्र आणि आवाज टीव्हीला नेणारी) येते, पण ती जेमतेम दीडेक मीटरची. भांडुपच्या आमच्या वन बीएचकेत टीव्ही देवघराला लागून, आणि देवाखाली 'ते मारामारीचं मशीन' ठेवायला आईचा साफ नकार. म्हणून मशीन समोरच्या शोकेसवर. पट्टी भिंतीच्या कडेकडेने फिरवायची, तर अंतर पाच मीटर.

दुसऱ्या शनिवारी सुट्टी होती. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो, लॅमिंग्टन रोडला गेलो. पंचवीस वर्षं इलेक्ट्रॉनिक सामान तिथूनच आणतोय, त्याचाच माज नडला. नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून आतल्या गल्लीतल्या एकात शिरलो. "खोक्यातली केबल साधी असते काका, कंपनी फुकटात चांगली देईल का?" दुकानदार म्हणाला. हे धडधडीत खोटं आहे. प्लेस्टेशन 5 सोबत येते ती 'अल्ट्रा हाय स्पीड' प्रकारचीच असते, म्हणजे सेकंदाला 48 गिगाबिट माहिती नेणारी. मग त्याने काउंटरवर खोकं आपटलं: 'व्हर्जन 2.1, 8के, गोल्ड प्लेटेड.' मी म्हटलं, चालवून दाखव.

आता यावर मी रोज रात्री झोपायच्या आधी दात-ओठ खातो.

त्याने केबल मागच्या टीव्हीला लावली. दुसरं टोक काउंटरखाली कुठेतरी गेलं. पडद्यावर रंगीत मासे पोहायला लागले, एकेक खवला मोजून घ्यावा असं चित्र. मी बघतच राहिलो. मग त्याने रिमोटने आवाज वाढवला, आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर अक्षरं आली: 'यूएसबी'. मी ती वाचली. स्वच्छ वाचली. म्हणजे मासे पेन ड्राइव्हमधून येत होते आणि केबल नुसती शोभेला लटकत होती. तरी डोक्यात काय आलं असेल? 'वा, याच्या टीव्हीला यूएसबी पण आहे.' त्या वेळी 'इनपुट दाखव' एवढे दोन शब्द तोंडातून निघाले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

खोक्यावर चकाकतं लेबल होतं, क्यूआर कोडसकट. मी मोबाइलच्या कॅमेऱ्याने स्कॅन केलं, एक पान उघडलं, समाधान झालं. अहो, कुठलाही क्यूआर कुठलं तरी पान उघडतोच! प्रमाणित केबलचं लेबल एचडीएमआयवाल्यांच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून तपासायचं असतं. आणि केबलच्या प्रकाराचं नाव 'अल्ट्रा हाय स्पीड' असं असतं. '2.1' हा आकडा मशीनचा आणि टीव्हीचा, केबल त्या नावाने विकायची नाही असा त्यांचाच नियम आहे. सोन्याच्या मुलाम्याने चित्रात काडीचा फरक पडत नाही, सिग्नल डिजिटल आहे. फार तर टोकं गंजत नाहीत.

बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं पाहिजे तर 18 टक्के वर." मी वाचवले 864 रुपये. त्याने व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर 'केबल 4800' लिहून दिलं. यूपीआयने पैसे गेले तेही भलत्याच 'जनरल स्टोअर्स'च्या नावावर.

घरी पट्टी मारून झाली, मुलाने 4के (बारीक तपशिलाचं चित्र) 120 हर्ट्झ (सेकंदाला 120 वेळा बदलणारं) लावलं, आणि दर पाच-दहा मिनिटांनी पडदा दोन सेकंद काळा. मधूनच पांढरे ठिपके. परत लॅमिंग्टन रोड. "लांबी जास्त आहे ना काका, बूस्टर लागणार." मग पाच मीटर विकताना हे का नाही आठवलं? तरीही घेतला, कारण 4,800 पाण्यात गेले हे कबूल करवत नव्हतं. बूस्टर लावल्यावर काळं होणं थांबलं! आठवडाभर मी घरात छाती काढून फिरलो. मग मुलाने सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुटची माहिती उघडून दाखवली: 3840 गुणिले 2160, म्हणजे 4के, पण 60 हर्ट्झ. बूस्टरच्या मागे बारीक अक्षरात 18 गिगाबिट छापलेलं. तेवढ्या वेगात 4के 60 च जातं. (मला डोळ्यांनी फरक कळत नाही. मुलाला कळतो, आणि तो दर जेवणाला ऐकवतो.) शेवटी मशीन टीव्हीजवळ नेऊन खोक्यातली केबल लावली, तर लगेच 120. टीव्हीचं पोर्ट (केबल खोचायची खाच) मात्र बघून लावा, आमच्या टीव्हीत चारांपैकी दोनच 120 चे आहेत.

पाच मीटर साध्या तांब्याच्या तारेतून 48 गिगाबिट न्यायचे म्हणजे अवघड काम आहे. लांब जायचं तर ऑप्टिकल केबल लागते, आणि तिला दिशा असते: एक टोक मशीनचं, एक टीव्हीचं. पट्टी मारायच्या आधी केबल जमिनीवर टाकून दोन तास चालवून बघा. मी आधी पट्टी मारली.

तिसऱ्यांदा गेलो तर तो म्हणाला, "पॅकिंग फोडलेला माल परत नाही." मग चौकीत गेलो. हवालदारसाहेबांनी केबल हातात घेऊन वाकवली. "चित्र येतं ना?" "येतं, पण 60 वर." "मग फसवणूक कसली? आमच्या घरी कितीवर येतं ते आम्हाला पण माहीत नाही." शेजारचे दोघे हसले. अर्ज लिहून घ्या म्हटलं तर, हा दिवाणी मामला, ग्राहकवाल्यांकडे जा. हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं तीच धून ऐकली, मग बाईंनी विचारलं, "बिल नंबर?" कार्डाचा फोटो पाठवला. चार दिवसांनी सांगितलं, दुकानाचं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं नाव जुळत नाही. अहो, तीच तर तक्रार आहे! खोक्यावर एमआरपी नाही, आयातदाराचा पत्ता नाही, म्हणून आणखी एका कार्यालयात गेलो. तिथे म्हणाले, हे आमच्याकडे नाही, ज्यांच्याकडे आहे ते साहेब रजेवर. तीन अर्ध्या रजा माझ्याही गेल्या, त्यांचा हिशोब वर धरलेला नाही. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, हे खरं आहे. पण पुरावा म्हणून मी काय लावू, व्हिजिटिंग कार्डाची पाठ?

पक्कं बिल घ्या. 18 टक्के गेले तरी घ्या.

परवा मेसेज आला: आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, सेवेला 1 ते 5 गुण द्या. मशीन सध्या टीव्हीखाली एका स्टुलावर आहे, आई तिकडे पाठ करून जप करते. केबल अजून पट्टीतच आहे. पट्टी काढली तर भिंतीचा रंग निघेल, आणि इलेक्ट्रिशियन काढायचे 500 मागतोय.