फॅमिली लिंक: कुलूप भक्कम, पण किल्ली सगळ्या घराला माहीत

ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, युट्युबवर खातं ठेवायला बंदी आली, तेव्हापासून पालकांच्या तोंडी एकच प्रश्न आहे: आपल्याकडं कधी? आपल्याकडं 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठराच्या आतल्या प्रत्येकाला मूल धरतो आणि त्याचा डेटा वापरायला पालकांची पडताळलेली संमती मागतो. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, पण कंपन्यांवरच्या मुख्य अटी लागू व्हायला त्यांनी दीड वर्षाची मुदत दिली. तोवर जे करायचं ते घरातच. त्यासाठी सगळ्यात आधी सुचवलं जातं ते मुलाच्या फोनवर पालकांचा ताबा ठेवणारं गुगलचं फुकट ॲप, फॅमिली लिंक.

निकाल आधीच सांगून टाकू. मुलाचा स्वतःचा वेगळा अँड्रॉइड फोन किंवा टॅब असेल, तर पाचपैकी चार. आईचाच फोन संध्याकाळी पोरांच्या हातात जात असेल, तर शून्य. ॲप वाईट आहे म्हणून नाही, तर ते त्या कामासाठी बनलेलंच नाही म्हणून. कोल्हापुरात मंगळवार पेठेपासून उचगावपर्यंत बऱ्याच घरांत ही दुसरी, एकाच फोनची परिस्थिती असते, त्यामुळं त्याबद्दल पुढं सविस्तर लिहिलंय.

आधी वेगळ्या फोनचं बघू. जोडणीला निवांत अर्धा तास काढा आणि दोन्ही फोन चार्ज करून, वायफायवर घेऊन बसा. पालकांच्या फोनवर फॅमिली लिंक टाकायचं, आपल्या जीमेलनं आत जायचं आणि तिथूनच मुलाचं खातं काढायचं. जन्मतारीख खरी द्या. सगळा खेळ त्या तारखेवर आहे. राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानात नवा फोन चालू करून देताना काउंटरवरचं पोरगं घाईत जीमेल काढतं आणि जन्मसाल 1990 टाकून मोकळं होतं. मग गुगलच्या लेखी तुमचा पाचवीतला मुलगा पस्तिशीचा गृहस्थ होतो. असं खातं आधीच असेल तर डागडुजी करत बसू नका, नवं काढा. मग मुलाच्या फोनवर सेटिंग्जमध्ये गुगल, त्यात पॅरेंटल कंट्रोल्स, आणि मुलाच्या खात्यानं साइन इन. इथं पालकांचा पासवर्ड मुलाच्या फोनवर टाकावा लागतो. तेवढा वेळ मुलाला पाणी आणायला पाठवा. खांद्यावरून बघून पाठ झालेला पासवर्ड ही या व्यवस्थेतली पहिली गळती.

जोडणी झाली की तीन गोष्टी लगेच लावायच्या. डेली लिमिट, म्हणजे दिवसाचे एकूण तास. ते वाराप्रमाणं वेगळे ठेवता येतात. डाउनटाइम, म्हणजे रात्री फोन कधी झोपणार. आणि प्ले स्टोअरवरून काहीही उतरवायला परवानगी. या तिसऱ्यात 'सगळ्यासाठी परवानगी' हाच पर्याय निवडा. 'फक्त विकतच्या गोष्टींसाठी' निवडलंत तर फुकटच्या गेम्स बिनबोभाट येतात, आणि नाद लागतो तो फुकटच्यांचाच. एक बारकावा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो: एकदा मंजूर केलेलं ॲप काढून पुन्हा टाकलं तर परत विचारणा होत नाही, अपडेटलाही नाही. म्हणून 'नको' असलेलं ॲप नुसतं फोनवरून उडवू नका, फॅमिली लिंकमध्ये ब्लॉक करा.

त्याच ॲपमध्ये मुलाच्या फोनच्या सेटिंगांत आणखी तीन बटणं असतात: नवे युजर जोडणं, अनोळखी ठिकाणाहून ॲप टाकणं, डेव्हलपर ऑप्शन्स. तिन्ही बंद हवीत. वर्गमित्रानं व्हॉट्सॲपवर पाठवलेली गेमची एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल, यातल्या मधल्या दारातून आत येते.

आता खरी अडचण. वेळमर्यादेच्या यादीत एखादं ॲप 'नेहमी चालू' ठेवता येतं. गृहपाठ शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर येतो, तोही रात्री नऊला, म्हणून पालक व्हॉट्सॲपला तिथं बसवतात. झालं, बांध फुटला. गटात कुणी युट्युबची लिंक टाकली तर तो व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या आतच छोट्या चौकटीत चालतो. युट्युबची मर्यादा संपलेली असली तरी. वर स्टेटस आहेत, चॅनल आहेत. उपाय साधा आहे: व्हॉट्सॲपला वेगळी ॲप मर्यादा, रोज 20 ते 30 मिनिटं, आणि शाळेचा गट शक्यतो पालकांच्याच फोनवर. क्लासचं ॲप आणि फोन एवढंच 'नेहमी चालू' राहू द्या. तसंही व्हॉट्सॲपची स्वतःची अट किमान 13 वर्षांची आहे, हे चौथीच्या गटात कुणाला आठवत नाही ती गोष्ट वेगळी.

वेळ संपली की फोन कुलूपबंद होतो, पण आलेला कॉल घेता येतो आणि आपत्कालीन कॉल लावता येतो. क्लासवरून उशिरा सुटणाऱ्या पोरासाठी हे महत्त्वाचं. पालकांच्या फोनवरून 'आजच्यापुरता' जादा वेळ देता येतो, त्याला बोनस टाइम म्हणतात. शाहू स्टेडियमवर तालमींची फुटबॉल मॅच आहे आणि तिचं थेट प्रक्षेपण बघायचंय, तर अर्धा तास बोनस द्या. रोजची मर्यादा वाढवू नका. वाढवलेली मर्यादा परत खाली आणायला कुणाला सवड होते?

इंटरनेटचं काय? मुलाचा फोन ऑफलाइन असेल तर आधीची मर्यादा चालू राहते, पण तुम्ही नवीन केलेला बदल तिथं पोचत नाही. ॲपच्या नकाशावर दिसणारं मुलाचं ठिकाणही जुनं असतं. अशा वेळी पॅरेंट ॲक्सेस कोड कामाला येतो: पालकांच्या ॲपमधला हा बदलता आकडा मुलाच्या कुलूपबंद फोनवर टाकला की फोन उघडतो, दोन्हीकडं नेट नसलं तरी. पंचगंगेला पूर येतो तेव्हा, 2019 आणि 2021 सारखा, ही सोय किती मोलाची ठरेल हे वेगळं सांगायला नको. हा कोड ॲपमध्ये कुठं आहे ते आजच शोधून ठेवा, पावसाळ्यात नव्हे.

बहुतेक घरांत हे सगळं फसतं ते मात्र पालकांच्याच फोनवर. संध्याकाळी आईचे हात भाकरीच्या पिठात. ओट्यावरचा फोन वाजतो: अमुक गेमसाठी परवानगी हवी. मुलगी तत्परतेनं म्हणते, "मम्मी, मी दाबते." तिला आईच्या फोनचा पॅटर्न पाठ असतो, कारण पॅटर्न म्हणजे काचेवर उमटलेलं तेलकट इंग्रजी झेड. परवानगी मागणारी आणि देणारी एकच! फॅमिली लिंक लावायच्या आधी आपला लॉक सहा आकडी पिनवर न्या आणि मुलांचं बोट फिंगरप्रिंटमध्ये नोंदलंय का ते तपासा. बऱ्याच घरांत सोयीसाठी नोंदलेलं असतं. दोघेही पालक कामावर असतील तर कुटुंब गटात दुसऱ्याला 'पालक' ही भूमिका द्या, म्हणजे पासवर्ड वाटत फिरावं लागत नाही. आजोबांना मात्र देऊ नका. आजोबा सगळंच मंजूर करतात.

ॲपचे दोष सांगायचे तर ते फोनपुरतंच बघतं. हॉलमधल्या टीव्हीवर पप्पांच्या खात्यानं युट्युब चालू असेल, तर मुलाचे दोन तास फोनवर संपतात आणि पुढचे दोन टीव्हीवर सुरू होतात. कपाटातला जुना, सिम नसलेला फोन वायफायवर ठणठणीत चालतो, तोही याला माहीत नसतो. नको त्या साइट अडवणारी क्रोम ब्राउझरची गाळणी इतर ॲपच्या आत उघडणाऱ्या पानांना लागू होत नाही. मेसेजमध्ये काय चाललंय हे ते दाखवत नाही, आणि खरं तर ते बरंच आहे. मुलाकडं आयफोन असेल तर विषयच संपला. तिथं ॲपलचं स्क्रीन टाइम वापरायचं.

आता एकच फोन असलेल्या घराचं. मुलाचं देखरेखीतलं खातं आईच्या खात्याशेजारी एकाच प्रोफाइलमध्ये नांदत नाही. फोनवर दुसरा युजर काढता येत असेल तर मार्ग निघतो, पण कित्येक फोनमध्ये ही सोयच नसते. म्हणून इथं ॲप पिनिंग. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीत शोधा, चालू करा आणि 'अनपिन करताना पिन विचारा' हा खालचा पर्यायही चालू करा. तो विसरलात तर सगळं फुकट. मग युट्युब किड्स उघडायचं, रिसेंट ॲप्सची यादी काढायची, वरच्या चिन्हावर दाबून 'पिन'. आता फोन त्या एका ॲपमध्ये अडकला. बाहेर पडायला तुमचा आकडा लागतो.

युट्युब किड्सबद्दल थोडक्यात: वयाचे तीन गट आहेत, 4 पर्यंत, 5 ते 8 आणि 9 ते 12. सर्च बंद करता येतो, टायमर आहे, आणि 'फक्त मी निवडलेलं' असा पर्यायही आहे, जो लहानग्यांसाठी सगळ्यात उत्तम. एकच गंमत: पालकांसाठीच्या भागात शिरताना ते गुणाकार विचारतं. आपल्याकडं दुसरीतल्या पोराचे पाढे पाठ असतात. तिथं स्वतःचा चार आकडी कोड लावा.

त्याच सामायिक फोनवर पैशाचं दारही बघून घ्या. यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या रकमांचं यूपीआय पाकीट, चालू असेल तर 1000 रुपयांपर्यंतचा एकेक व्यवहार पिनशिवाय होतो, शिलकीची मर्यादा 5000. पोरांच्या हातात जाणाऱ्या फोनवर ते बंदच असावं. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला ओळख पटवण्याची सेटिंग चालू ठेवा. एवढं करूनही पैसे गेलेच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन. जेवढा उशीर, तेवढी रक्कम थांबवणं अवघड.

मोठ्या मुलांच्या इन्स्टाग्रामवर 'टीन अकाउंट' भारतात फेब्रुवारी 2025 पासून आलं. खातं आपोआप खाजगी, अनोळखी माणसाचा मेसेज बंद, रात्री 10 ते सकाळी 7 सूचना गप्प. यातली 60 मिनिटांची मर्यादा नीट समजून घ्या: ती नुसती आठवण आहे, दारवान नाही. बोटानं बाजूला सारली की रील पुढं चालू. खरोखर बंद व्हायला हवं असेल तर पालकांच्या खात्यावरून सुपरव्हिजन, म्हणजे देखरेख, जोडून रोजची मर्यादा लावावी लागते. सोळाच्या आतल्या मुलाला हे निर्बंध सैल करायला पालकांची परवानगी लागते, अर्थात जन्मसाल खरं असेल तरच.

शेवटी फोन विकताना किंवा धाकट्याला देताना काय करायचं ते. आधी सेटिंग्जमधून मुलाचं खातं काढा, त्यासाठी पालकांचा पासवर्ड लागेल, आणि मग फॅक्टरी रिसेट, म्हणजे फोन पुसून नव्यासारखा करणं. उलट क्रमानं केलंत, म्हणजे बटणं दाबून थेट रिसेट मारलात आणि फोनला स्क्रीन लॉक लावलेला होता, तर तो चालू होताना जुनंच खातं मागतो. पोरानं मर्यादा चुकवायला रिसेट मारला तर हे आपल्या फायद्याचं आहे. सेकंडहँड दुकानदार मात्र असा फोन हातात घेतो, पडदा बघतो आणि परत देतो.