भुलीच्या सिरिंजवरचे रंगीत स्टिकर: सहा महिने वापरून

मी नाशिकमध्ये भूलतज्ज्ञ. सकाळी गंगापूर रोड, दुपारी इंदिरानगर, रात्री बोलावणं आलं तर नाशिकरोड. दर ठिकाणी ओटी (ऑपरेशन थिएटर) वेगळी, सिस्टर वेगळ्या, ट्रॉलीची मांडणीही वेगळी. म्हणून गोळे कॉलनीतून औषधांची नावं छापलेल्या रंगीत स्टिकरचे रोल घेतले. ते माझ्याच बॅगेत असतात.

घ्यायला लावलं ते आठ किलोच्या एका बाळाने. हर्नियाचं ऑपरेशन होतं. ट्रेमध्ये २ मिलीच्या दोन सिरिंज, दोन्हींत पाण्यासारखं औषध. एकीत हृदयाचे ठोके मंदावू नयेत म्हणून द्यायचं अ‍ॅट्रोपिन, दुसरीत स्नायू शिथिल करणारं अ‍ॅट्राक्युरियम. कुठली कुठली, ते भरणाऱ्यालाही छातीठोक सांगता येईना. अ‍ॅट्राक्युरियम आधी गेलं असतं तर बाळ जागं असतानाच त्याचा श्वास थांबला असता. दोन्ही फेकल्या, नव्याने भरल्या. बाळ सुखरूप घरी गेलं; मला त्या रात्री झोप आली नाही.

रंग आयएसओ २६८२५ या आंतरराष्ट्रीय मानकाचे आहेत. स्नायू शिथिल करणारी औषधं लाल, वेदनाशामक फेंटॅनिल निळं, भूल देणारं केटामीन पिवळं, अ‍ॅट्रोपिन हिरवं. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांवरच्या निओस्टिग्मिनसारख्या उताऱ्याला त्याच लाल रंगाचे तिरपे पट्टे. आता नवी सिस्टरसुद्धा लाल दिसलं की थांबते आणि मला विचारते. एवढ्यासाठीच पैसे वसूल.

पण रंगावरून औषधाचा गट कळतो, ताकद (एका मिलीत किती औषध) कळत नाही. लहान मुलांत घात होतो तो दशांशचिन्हाने. फेंटॅनिल १ मिलीत ५० मायक्रोग्रॅम असतं. आठ किलोला किलोमागे १ मायक्रोग्रॅम द्यायचं तर ०.१६ मिली, एवढंसं नेमकं मोजणार कसं? म्हणून मी १ मिलीत ४ मिली सलाइन घालते. मग मिलीला १० मायक्रोग्रॅम, डोस ०.८ मिली. हे स्टिकरवर लिहावंच लागतं, आणि नेमकी तिथेच लिहायची रेघ अगदी तोकडी आहे. बॉलपेन ओल्या हाताने पुसतं, मार्कर लागतो. २ मिलीच्या सिरिंजवर आडवं लावलं तर मापाच्या खुणा झाकतात, उभंच लावा. आणि औषध भरल्या भरल्या लावा, सिरिंज खाली ठेवायच्या आधी.

शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलच्या बाटलीला मात्र या स्टिकरचा उपयोग नाही. किलोला १५ मिग्रॅ म्हणजे या बाळाला १२० मिग्रॅ, मिलीला १० मिग्रॅ धरून १२ मिली. बाटली १०० मिलीची. मिग्रॅ आणि मिलीची गल्लत झाली तर सगळी बाटली जाईल. मी १२ मिली सिरिंजमध्ये काढते, बाटली टांगू देत नाही.

लाल रोल संपत आलाय. ताकद लिहायला मोठी रेघ असलेला मागवा, असं दुकानदाराला सांगून ठेवलंय.