डेबियन १३ : जुन्या मशिनवर ड्रायव्हर कुठे चालतात, कुठे अडतात

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला. सोलापुरात चाटी गल्लीतली बिलिंग काउंटरं असोत की अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादर-टॉवेलचे कारखाने, चौथ्या-पाचव्या पिढीच्या आय३ मशिन विंडोज ११ घेत नाहीत. त्या भंगारात घालू नका. ४ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर डेबियन १३ ही मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम त्यांच्यावर व्यवस्थित चालते. ड्रायव्हरच्या बाबतीत आमचं मत स्पष्ट आहे: मशिनची काळजी नको, प्रिंटरची करा.

इंटेल ग्राफिक्स, साउंड, लॅन पोर्ट यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच असतात. सीडी शोधायची गरज नाही. लागणारं बहुतेक फर्मवेअरही (हार्डवेअरच्या आत चालणारं छोटं सॉफ्टवेअर) डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्येच येतं. ११ वरून अपग्रेड करत आला असाल, तर सोर्सेसच्या फाइलमध्ये (सॉफ्टवेअर कुठून उतरवायचं त्याची यादी) 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग हाताने घाला, नाहीतर फर्मवेअरचे अपडेट येतच नाहीत.

वायफायमध्ये त्रास देतं ते ब्रॉडकॉम, विशेषतः बीसीएम४३१४२. त्याचा ड्रायव्हर मशिनवरच कंपाइल होतो, म्हणजे तिथल्या कर्नलसाठी तयार होतो, आणि तो उतरवायला नेट लागतं. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, ते लगेच ओळखलं जातं. सोबत कर्नल हेडर्सचं (ड्रायव्हर कंपाइल करायला लागणाऱ्या फाइलींचं) मेटा-पॅकेजही टाका, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलचे हेडर्स आपोआप येतात. ते राहिलं तर पुढच्या कर्नल अपडेटनंतर वायफाय गायब होतं. सिक्युअर बूट (ओळखीच्या डिजिटल सहीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर असा ड्रायव्हर त्याची सही ओळखीची नसल्यामुळे लोडच होत नाही. एकतर बायोसमध्ये ते बंद करा, किंवा रीबूटच्या वेळी निळ्या पडद्यावर त्या सहीची की नोंदवा.

आता प्रिंटर. एचपी लेझरजेट १०२० मध्ये फर्मवेअर साठवलेलं नसतं. प्रिंटर चालू झाला की दर वेळी कॉम्प्युटरने ते पाठवावं लागतं. एचपीएलआयपी हे एचपीचं लिनक्ससाठीचं प्रिंटर सॉफ्टवेअर टाकून थांबलात तर काम क्यूमध्ये पडून राहतं आणि प्रिंटर ढिम्म हलत नाही. एचपीचं प्लगइन वेगळं उतरवावं लागतं, आणि त्याची आवृत्ती एचपीएलआयपीशी जुळावी लागते. लेझर प्रिंटर यूपीएसवर नसतो, त्यामुळे लाइट गेली की कॉम्प्युटर चालू राहतो आणि प्रिंटर कोरा होऊन उठतो. फर्मवेअर आपोआप गेलं नाही तर यूएसबी केबल काढून पुन्हा लावा.

कॅनन एलबीपी २९०० असेल तर त्या टेबलावरच्या मशिनवर सध्या डेबियन टाकू नका. कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर जुना आहे, त्याला ३२-बिट लायब्ररी लागतात, आणि मागे चालणारी त्याची सर्व्हिस अडकली की बिल निघतच नाही. गिऱ्हाईक समोर उभं असताना हे परवडणारं नाही.

बारकोड स्कॅनर कीबोर्ड म्हणूनच ओळखला जातो. सुताचे कोन तोलणारा काटा यूएसबी-सिरियल केबलने लागतो. या केबलमधल्या सीएच३४० आणि एफटीडीआय दोन्ही चिपचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आहेत. तरीही सॉफ्टवेअरमध्ये वजन दिसत नसेल तर ड्रायव्हरला दोष देण्याआधी परवानगी पाहा. युजर 'डायलआउट' ग्रुपमध्ये हवा. थर्मल बिल प्रिंटरला थेट पोर्टवरून छापत असाल तर 'एलपी' ग्रुप. ग्रुपमध्ये घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायचं, त्याशिवाय बदल लागू होत नाही.