परतीच्या पावसात पन्हाळा: 45 मिलिमीटरचे प्लास्टिक मडगार्ड किती कामाचे?

ऑक्टोबरात कोल्हापूर–पन्हाळा सायकलवर करायचे म्हणजे शिवाजी पुलावर पंचगंगेचे धुके, वाघबीळला पाठ भाजणारे ऊन आणि उतरायला दुपार झाली तर परतीच्या पावसाची सर. अंतर सुमारे 20 किलोमीटर. पाऊस थांबला तरी ओल्या रस्त्यावर टायर पाणी उडवतच राहतो, म्हणून रेनकोटाआधी मडगार्ड बघावे.

हा मडगार्डचा सेट 700सी मापाच्या चाकांच्या हायब्रिड (रोड आणि माउंटन यांच्या मधल्या) सायकलसाठी, पूर्ण लांबीचा. टायरपेक्षा मडगार्ड 8–10 मिमी रुंद हवे. 35 मिमी टायरला 45 मिमीचे बरोबर बसते. सीटखाली लटकणारा आखूड तुकडा फक्त पाठ वाचवतो. पुढच्या चाकाचे पाणी मग थेट बुटांवर आणि चेनवर. रेसिंगवाल्यांना पूर्ण मडगार्ड म्हणजे दूधवाल्याची सायकल वाटते. वाटू दे.

बसवायला तासभर लागतो. 4 ची अ‍ॅलन की आणि 8 चा पाना पुरतो. मागचे मडगार्ड आधी बॉटम ब्रॅकेटमागच्या (पॅडलचा आस बसतो त्या जागेमागच्या) आडव्या पट्टीला, मग सीटखालच्या पट्टीला अडकवायचे. काड्या (चाकाच्या नव्हे, मडगार्डला सायकलशी धरून ठेवणाऱ्या) शेवटी आवळायच्या, तेही चाक फिरवून सगळीकडे 10 मिमी फट सारखी आल्यावरच. डिस्क ब्रेक असेल तर पुढची डावी काडी कॅलिपरला (डिस्क दाबणाऱ्या ब्रेकच्या भागाला) घासते. तिथे स्पेसर (अंतर राखणारा तुकडा) आणि लांब बोल्ट घालावा लागतो, आणि तो खोक्यात येत नाही. काडीचे जादा टोक करवतीने कापून रबरी टोपी लावाच, नाहीतर नडगी सोलून निघते.

दोन तक्रारी आहेत. नट साधे दिलेत, खड्ड्यांत सैल होतात आणि मडगार्ड खडखडते. नायलॉनचे लॉकनट आणि जुन्या ट्यूबचे वायसर घातले की आवाज बंद. दुसरी म्हणजे पुढची रबरी झडप आखूड आहे, जमिनीपासून वीतभर वरच संपते. ती 8–10 सेंटिमीटरपर्यंत खाली यायला हवी. जाड रबराची पट्टी दोन बोल्टांनी जोडली की पाय कोरडे राहतात.

घाटातली तांबडी माती पाण्याने निघून जाते. खालच्या शेतवाटांची काळी माती मात्र फटीत भरते, ऊन पडले की विटेसारखी आवळते आणि चाकच फिरेनासे होते. मडगार्ड लावून ओल्या पाणंदीत शिरू नका.

या सेटची खरी किंमत पुढच्या काड्यांच्या क्लिपमध्ये आहे. गाळप हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांतून रस्त्यावर उसाची कांडी पडतात. एखादे चाक आणि मडगार्डमध्ये अडकले तर पुढचे चाक जाम होऊन माणूस हँडलवरून पुढे जातो. इथे ओढ बसताच क्लिप सुटते, काडी मोकळी होते. ही क्लिप नसलेला सेट निम्म्या किमतीत मिळाला तरी घेऊ नये.

पहिली फेरी करून आलात की सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. त्यातही काट्याच्या (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या) मागचा आधी, कारण पहिला सैल होतो तो तोच.