शकुंतला: आदिपर्वातली आणि नाटकातली

महाभारताच्या आदिपर्वातली शकुंतला गांधर्वविवाहाआधीच राजा दुष्यंताला अट घालते: युवराज माझाच मुलगा होईल, कबूल असेल तर बोला. पुढे मुलाला घेऊन ती दरबारात जाते. दुष्यंत कानांवर हात ठेवतो, तेव्हा चारचौघांत सुनावते, दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात, स्वतःचे बेलफळाएवढे दिसत नाहीत! मेनकेची मुलगी म्हणून हिणवलं तर तेही ताठ मानेनं मिरवते. मला हीच उजवी वाटते.

कालिदासाची शकुंतला हळवी. काव्य अप्रतिम, पण दुर्वासांच्या शापानं राजा तिला विसरतो, म्हणजे आयताच सुटतो (सोयीचा शाप!) आणि तिची सगळी भिस्त ओळख पटवणाऱ्या एका अंगठीवर, तीही पाण्यात पडलेली. तरी पाचव्या अंकात ती त्याला ‘अनार्य’ (नीच) म्हणतेच. थोड्याच वेळात एक तेजोमय आकृती तिला उचलून नेते, भांडण अर्धंच राहतं.